घरच्या घरी एअर रायफल: बंदूक सगळ्यात शेवटी घ्या

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की घरी नेमबाजी करता येते का, किती खर्च येतो, कुठली बंदूक घेऊ. आधी एक सांगून टाकतो, स्वप्नीलचा इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशनचा, त्यातली रायफल .२२ ची काडतुसाची असते, तिला लायसन्स लागतं आणि ती घरात चालवायचा विषयच नाही. घरात जमतं ते १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला तो १० मीटर एअर रायफलमध्ये, आणि अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं गोल्डही त्याच इव्हेंटमधलं. बिंद्राच्या घरच्यांनी त्याला घराच्या आवारातच इनडोअर रेंज बांधून दिली होती, तेवढं आपल्याला परवडणार नाही हे उघडच आहे, पण हॉल आणि पॅसेज मिळून जे काही मीटर हातात येतात त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

लोक काय करतात, आधी ऑनलाइन फोटो बघून बंदूक घेतात, मग ती घरी आल्यावर "मारायची कुठं" हा प्रश्न पडतो, आणि शेवटी गच्चीवर टाकीला टेकवून बाटल्या फोडणं सुरू होतं. दोन आठवड्यांत सोसायटीची नोटीस. म्हणून हा लेख उलट्या क्रमानं आहे, भिंत आधी, बंदूक नंतर.

जागा कशी बघायची

घरात टेप घेऊन फिरा. बघायचं काय, तर एका सरळ रेषेत जास्तीत जास्त किती अंतर मिळतं आणि त्या रेषेच्या शेवटी पक्की भिंत आहे का. खिडकी नको, बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा नको, जिप्सम पार्टिशन तर अजिबात नको. विटेची किंवा काँक्रीटची भिंत पाहिजे. पलीकडे शेजाऱ्याचं बेडरूम असलं तरी भिंत पक्की आणि ट्रॅप (छर्रा अडवणारी पेटी) नीट असेल तर धोका नाही, पण आवाज जाईल, त्याबद्दल पुढं सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या आणि टार्गेटच्या मध्ये बाजूनं उघडणारा दरवाजा नको. फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यातून पॅसेजमार्गे बेडरूमच्या भिंतीपर्यंत लांबी चांगली मिळते पण मध्ये नेमका बाथरूमचा दरवाजा येतो, आणि आतून कोणीतरी टॉवेल गुंडाळून बाहेर येणारच. असा दरवाजा टाळता येत नसेल तर घरात दुसरं कोणी नसताना किंवा तो दरवाजा तुमच्या बाजूनं कडी लावून बंद असतानाच मारायचं, "मी ओरडून सांगतो ना" हे चालत नाही. गावाकडं घर असेल तर मजा आहे, पडवी, माजघर किंवा रिकामा गोठा यात पूर्ण १० मीटर आरामात निघतात, फक्त कोंबड्या आणि पोरं दोन्ही बाहेर काढा.

१० मीटर मिळालेच पाहिजेत असं नाही. ५ मीटर मिळाले तर टार्गेट निम्म्या आकाराचं प्रिंट करायचं, डोळ्याला ते तेवढंच दिसतं. रायफलच्या खऱ्या कार्डवर, म्हणजे टार्गेटच्या कागदावर, काळा गोल ३०.५ मिमीचा असतो आणि दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमी, पिस्तुलाच्या कार्डवर काळा ५९.५ मिमी आणि दहाची रिंग ११.५ मिमी. म्हणजे ५ मीटरला रायफलचा काळा सव्वापंधरा मिमीच्या आसपास आला पाहिजे, प्रिंट काढल्यावर पट्टीनं मोजा कारण प्रिंटर "फिट टू पेज" करून वाट लावतो.

पण यात एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. टार्गेट निम्मं झालं तरी छर्रा ४.५ मिमीचाच राहतो. रिंगला छऱ्याची कड टेकली तरी तो पॉइंट मिळतो, त्यामुळं छोट्या कार्डवर स्कोअर फुगतो. ५ मीटरला जो शॉट नऊ दिसतो तो १० मीटरला आठही भरू शकतो. तेव्हा घरातल्या छोट्या कार्डवर शंभरात ९५ पडले म्हणून पेढे वाटू नका. त्याऐवजी ग्रुप मोजा, म्हणजे पाच शॉट एकाच जागी नेम धरून मारायचे आणि त्यातली सगळ्यात लांबची दोन भोकं मध्यापासून मध्यापर्यंत किती लांब आहेत ते बघायचं. ५ मीटरला आलेल्या आकड्याला दोननं गुणलं की १० मीटरचा साधारण अंदाज मिळतो.

ट्रॅप आणि त्यामागची भिंत

पेलेट ट्रॅप विकत मिळतो, पण जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला तर स्वस्तात आणि मजबूत होतो. ३ मिमी जाड लोखंडी पत्रा, ४५ अंशात तिरका वेल्ड केलेला, वरची कड तुमच्या बाजूला झुकलेली, म्हणजे छर्रा आपटून खाली ट्रेमध्ये जातो. तोंड साधारण एक फूट बाय एक फूट ठेवा, नवशिक्याला त्याहून लहान नको. ट्रेमध्ये थोडी वाळू टाका म्हणजे छर्रे उडत नाहीत. याचा तोटा एकच, ठण्ण असा आवाज. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुसरा प्रकार बरा, प्लायची पेटी, मागं तोच पत्रा, आणि पत्र्यापुढं जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या ठासून भरायच्या, तोंडाला पुठ्ठा आणि त्यावर कार्ड. आवाज फक्त टप् असा येतो. मात्र रोज एकाच जागी मारून मधोमध पोकळी होते, ती दर काही दिवसांनी हात घालून, म्हणजे ग्लव्हज घालून, परत भरायची.

कडक रबर किंवा सपाट लाकडावर थेट मारायचं नाही, छर्रा सरळ परत येतो. आणि स्टीलचे बीबी, ते गोल चकचकीत, घरात आणायचेच नाहीत, ते पत्र्यावरून कुठंही उसळतात.

ट्रॅपच्या मागं भिंतीला निदान चार फूट बाय चार फूट प्लाय लावा, १८ मिमीचा, आणि त्याच्यापुढं एखादी जुनी सतरंजी सैल लटकवा. चुकलेला छर्रा सतरंजीत मरतो. नवशिका चुकणारच, ट्रॅपच्या तोंडावर भरवसा ठेवायचा नाही.

कार्डच्या मध्याची उंची मॅचमध्ये जमिनीपासून १.४ मीटर असते, घरी तेवढीच ठेवा. लाइट फक्त टार्गेटवर, समोरून-वरून, डोळ्यात न येणारा. मॅचला टार्गेटवर किमान १५०० लक्स लागतात, घरी साधा एलईडी स्पॉट जवळ लावला की काम होतं. उभं राहायच्या जागी अंधार करू नका, डोळ्याची बाहुली मोठी होते आणि साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) धूसर दिसते.

कायदा, थोडक्यात

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणं ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. .२२ ची एअरगन घेतली किंवा .१७७ च असून ताकद २० ज्यूलच्या वर गेली तर ती लायसन्सवाली. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, द्या, आणि जो ते न मागता द्यायला तयार आहे त्याच्याकडून घेऊ नका. बिलावर बोअर आणि ज्यूल लिहून घ्या, ते बिल बंदुकीच्या केसमध्येच ठेवा. बंदूक नेताना कायम केसमध्ये, रिकामी. लांबून ती खऱ्यासारखीच दिसते, स्कूटरवर खांद्याला लावून निघालात तर नाक्यावर थांबवतीलच आणि त्यात पोलिसांचं काही चुकत नाही.

कोणी "स्प्रिंग बदलून देतो, डबल पॉवर होईल" म्हणालं तर हात जोडा. ज्यूलचा हिशोब सोपा आहे, छऱ्याचं वजन किलोत, वेग मीटर प्रति सेकंदात, वेगाचा वर्ग गुणिले वजन भागिले दोन. ०.४५ ग्रॅमचा हलका छर्रा १००० फूट प्रति सेकंदानं गेला तर साधारण २०.९ ज्यूल होतात, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. जाहिरातीत "१००० एफपीएस" वाचून खूश होणाऱ्यांनी हे एकदा करून बघा. आणि मॅचची रायफल? ती ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते, साडेसात ज्यूल फक्त. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही.

पक्षी, माकड, कुत्रं यांच्यावर रोखायची नाही. वन्यप्राण्यांसाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, कुत्र्यासाठी प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा, आणि गुन्हा नोंदवला जातो. गावाकडं छऱ्याची बंदूक म्हटलं की पहिलं पारवेच आठवतात लोकांना, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता बंदूक

सुरुवातीला दोनच प्रकार विचारात घ्या. स्प्रिंगवाली, म्हणजे नळी मोडून (बिजागरीवर दुमडून) किंवा लिव्हर ओढून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून तयार ठेवायची, आणि पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या सिलिंडरवर चालणारी. स्प्रिंगवाली स्वस्त, पंप-सिलिंडरचं लफडं नाही, पण आत जड पिस्टन पुढं आपटतो त्यामुळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच बंदूक हलते, आधी मागं मग पुढं. ती घट्ट आवळून धरली तर ग्रुप पसरतो, सैल धरावी लागते, पुढचा हात फक्त खाली ठेवल्यासारखा आणि प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी. शिकायला कटकटीची आहे पण एकदा तिच्यावर हात बसला की पीसीपी लोण्यासारखी वाटते. पीसीपीला धक्का जवळपास नाही, मॅचला सगळे तीच वापरतात. भारतीय बनावटीच्या पीसीपी आता चांगल्या मिळतात, प्रेसिहोलचं नाव ऐकलं असेल, जर्मन-ऑस्ट्रियन फाइनवेर्कबाउ, वाल्थर, स्टायर वगैरे दोन-तीन लाखांच्या घरात जातात, त्या पहिल्या वर्षी कशाला.

पीसीपी घेतली तर हवा भरायची सोय आधी बघा. सिलिंडर साधारण २०० बार दाबापर्यंत भरतात, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याच्या आसपासही जात नाही. हँडपंप किंवा क्लबमधला मोठा सिलिंडर. ऑक्सिजन कधीही, कधीही भरायचा नाही, तेलाच्या अंशाबरोबर स्फोट होतो. सिलिंडरवर तारीख छापलेली असते, सेकंडहँड घेताना ती पहिली बघा, मॅच रायफलच्या सिलिंडरचं आयुष्य बहुतेक कंपन्या १० वर्षंच देतात.

रायफल की पिस्तूल? रायफलला नंतर कडक जॅकेट, ट्राउजर, शूज लागतात आणि तो खर्च बंदुकीच्या बरोबरीनं वाढतो, पिस्तुलाला हातात बसणारी ग्रिप पुरते. लहान घरात पिस्तूल सोयीचं. पण सुरुवातीला रायफलचे निकाल लवकर दिसतात आणि उत्साह टिकतो, म्हणून घरात शाळकरी मूल असेल आणि दोघांनी मिळून करायचं असेल तर मी रायफलच सांगेन, मोठा माणूस कायम शेजारी उभा पाहिजे ही अट धरून. टेलिस्कोप लावू नका. स्प्रिंगच्या उलटसुलट धक्क्यानं साधा स्कोप बिघडतो, आणि १० मीटरला त्याची गरज नाही, छोट्या भोकातून बघायची डायॉप्टर साइट मिळाली तर उत्तम.

छर्रे सपाट तोंडाचे घ्या, कागदात गोल स्वच्छ भोक पाडतात आणि मोजायला सोपं जातं. टोकदार "हंटिंग" छर्रे नकोत. दोन-तीन कंपन्यांचे डबे आणून टेकू देऊन प्रत्येकाचे पाच-पाच शॉट मारा, ज्याचा ग्रुप लहान तो तुमच्या नळीचा छर्रा, मग किंमत कितीही असो.

मारायला लागण्याआधी

सेफ्टी ग्लास सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. नळी कायम टार्गेटकडं. बोट ट्रिगरवर फक्त नेम लागल्यावर. मारत नसाल तेव्हा नळीतून एक रंगीत दोरी आरपार काढून ठेवा, लांबूनच कळतं की रिकामी आहे. नळी मोडायची बंदूक असेल तर छर्रा घालताना दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची, ट्रिगर सुटला तर नळी जोरात मिटते आणि बोटं मध्ये असतात. बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात.

शिसं हा विषय लोक हसण्यावारी नेतात. छर्रे शिशाचे असतात, हाताला लागतं, ट्रॅपमध्ये भुगा होतो. मारताना चहा-बिस्किटं नाहीत, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, संपलं की साबणानं हात. ट्रॅपजवळ झाडू मारायचा नाही, धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं वेगळं ठेवायचं. कामाला येणाऱ्या मावशींना सांगा की तो कोपरा तुम्ही करू नका, मी करतो. ते फक्त सांगून भागत नाही, खरंच स्वतः करा. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर सरळ क्लबमध्ये जा.

पहिले काही आठवडे

सुरुवात बसून करा, टेबलावर उशी किंवा तांदळाची पिशवी ठेवून त्यावर रायफल टेकवून. यातून बंदूक आणि छर्रा काय करू शकतात ते कळतं, नंतर उभं राहून ग्रुप पसरला की दोष कोणाचा हा प्रश्न उरत नाही. ग्रुप लहान पण बाजूला पडतोय तर साइट सरकवा, मागची साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला शॉट जातात. एका शॉटवर साइट हलवायची नाही, पाच मारून मग. ५ मीटरची सेटिंग १० मीटरला चालत नाही, साइट नळीच्या वर असते त्यामुळं अंतर बदललं की उंची बदलते.

उभं राहताना रायफलला शरीर टार्गेटच्या आडवं, पाय खांद्याएवढे फाकवून, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेला, वजन हाडांवर, स्नायूंवर नाही. (डावखुऱ्यांनी उलट वाचा.) मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साइट कुठं आहे? बाजूला गेली असेल तर हातानं ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा आणि परत बघा. यात रोज पाच मिनिटं गेली तरी चालतील, खरी नेमबाजी यातच आहे, ट्रिगर नंतरचा.

पिस्तुलाला एक हात, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात. हात टार्गेटच्या वर नेऊन हळू खाली आणायचा, काळ्या गोलाच्या खाली थोडी पांढरी जागा ठेवून थांबायचं, आणि नजर पुढच्या साइटवर. काळा गोल धूसरच दिसला पाहिजे. हे कोणालाच पटत नाही, सगळे टार्गेटकडं बघतात आणि साइट कधी तिरकी झाली ते कळत नाही. हात हलणारच, जगातल्या सगळ्यांचा हलतो, तो थांबायची वाट बघून झटकन ट्रिगर ओढला की शॉट खाली जातो. हलता हलताच दाब सरळ मागं वाढवत न्यायचा. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली, परत सुरुवात. शॉट न मारता खाली ठेवणं हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि घरी ते शिकणं सोपं आहे कारण घड्याळ नाही. सुटल्यावर दोन सेकंद तसंच बघत राहा, लगेच कार्डकडं वाकून बघू नका.

आणि ड्राय. म्हणजे छर्रा न घालता सगळं तेच करायचं. मॅच पीसीपीला त्यासाठी ड्राय फायरचं बटण किंवा सेटिंग असतं. स्प्रिंगवाल्या बंदुकीला असं कधीही करू नका, छऱ्याशिवाय पिस्टन थेट आपटतो आणि सील, स्प्रिंग जातात, तिच्यावर फक्त उभं राहून नेम धरायचा सराव, कॉक न करता. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ड्राय केलं तर टार्गेटचा मोह नसतो आणि ट्रिगरनं साइट किती हलते ते नागडं दिसतं. माझ्या मते घरातल्या सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ याला द्यावा. छर्रे वाचतात, शिसं नाही, शेजारी खूश, आणि रात्री अकरालाही करता येतं.

दिवसाला ३० शॉट भरपूर झाले. थकल्यावर मारलेले शॉट चुकीची सवय लावतात. वहीत तारीख, छर्रा, अंतर, ग्रुप किती, आणि शॉट सुटायच्या आधी "कुठं जाईल" असं वाटलं आणि कुठं गेला एवढं लिहा. हा शेवटचा कॉलम जसजसा जुळत जाईल तसं समजायचं की जमतंय.

देखभाल आणि पुढं

आपल्याकडं पावसाळा, आणि कोकणात तर बारा महिने गंज. मारून झालं की लोखंडी भागांवर पातळ तेलाचं फडकं, केसमध्ये सिलिका जेल, आणि बंदूक केसमध्ये कॉक करून कधीच ठेवायची नाही. तेल नळीच्या मागच्या भोकातून आत घालू नका, स्प्रिंगवाल्यात हवा दाबली गेल्यावर ते पेटतं, धूर येतो, धाड आवाज होतो आणि सील खराब होतं. नळी साफ करायला फेल्टच्या गोळ्या मिळतात. पीसीपीत दोन-तीन फेल्ट एकत्र घालून मारता येतात, पण स्प्रिंगवाल्यात त्या मारायच्या नाहीत, दोरीनं ओढायच्या.

दोन-तीन महिने झाले की एखाद्या क्लबमध्ये जाऊन पूर्ण १० मीटरवर मारून बघा. पुण्यात बालेवाडीचं संकुल आहे, मुंबईत वरळीची रेंज, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब, कोल्हापूरला तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळं वातावरणच नेमबाजीचं. स्वतःची बंदूक न्यायची असेल तर आधी फोन करून विचारा. कोच एका तासात तुमचा कोपर आणि डोकं जिथं हवं तिथं आणून ठेवेल, तुमच्या त्या पोझिशनचा मोबाइलवर बाजूनं आणि मागून फोटो काढून घ्या, तो प्रिंट करून ट्रॅपशेजारी चिकटवा. स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर जिल्ह्याच्या असोसिएशनचं सदस्यत्व लागतं, तो फॉर्म त्याच फेरीत घेऊन या.